दोन विमानतळांमधलं अंतर: आकडे पाच, त्यातला खरा कोणता?

तक्तेवाला

लहान, प्रादेशिक विमानतळांच्या जोड्यांचा एक तक्ता तयार करतोय. प्रत्येक जोडीपुढे दोनच गोष्टी हव्यात: अंतर आणि लागणारा वेळ. पहिल्याच जोडीत गाडी अडली आहे.

विमानतळ 'अ': २२°५८′४८″ उत्तर, ७१°२७′००″ पूर्व
विमानतळ 'ब': २५°०१′१२″ उत्तर, ७४°०६′३६″ पूर्व

(अक्षांश-रेखांश नमुन्याचे आहेत, नकाशावर शोधत बसू नका.)

या एकाच जोडीचं अंतर वेगवेगळ्या कॅल्क्युलेटरांवर आणि तक्त्यांमध्ये ३५३, ३९२, ३७३, २१९ आणि १९१ असं मिळालं. रस्त्याने ४६० किमी. वेळेचीही तीच तऱ्हा. एका ठिकाणी ४२ मिनिटं, फ्लाइट ट्रॅकरवर ५४ मिनिटं, वेळापत्रकात १ तास १० मिनिटं. विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्यांचं टर्बोप्रॉप आहे.

यातलं बरोबर काय? आणि दोनशे जोड्यांसाठी हे एक्सेलमध्ये बसवायचं तर सूत्र कोणतं?

---

नकाशेबाज

पाचपैकी तीन आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकच अंतर सांगतात. ३५३ किलोमीटर, २१९ साधे मैल, १९१ नॉटिकल मैल. ३५२.८ ला १.६०९ ने भागलं की २१९, १.८५२ ने भागलं की १९०.५. एकक न लिहिता आकडा छापणाऱ्यांनी निम्मा गोंधळ घातलाय. तक्त्याच्या शीर्षकातच 'किमी' किंवा 'नॉ. मैल' लिहून टाका. विमानाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके नॉटिकल मैल असा मिळतो, त्यामुळे वेळ काढायला नॉटिकल मैलांचा रकाना वेगळा ठेवणं सोयीचं. १,८५२ मीटर हे माप १९२९ साली ठरलं. मुळात तो अक्षांशाचा एक मिनिट आहे, म्हणून नकाशावर तोंडी हिशोबालाही बरा पडतो.

उरले दोन चुकीचे आकडे, आणि ते कुठून आले तेही सांगता येतं.

३९२: अंश-मिनिटं-सेकंद सरळ दशांशासारखे वाचले आहेत. २२°५८′४८″ म्हणजे २२.५८४८ नव्हे. ५८ मिनिटं भागिले ६० = ०.९६६७, ४८ सेकंद भागिले ३६०० = ०.०१३३, एकूण २२.९८. तसंच ७१°२७′ म्हणजे ७१.४५, २५°०१′१२″ म्हणजे २५.०२ आणि ७४°०६′३६″ म्हणजे ७४.११. दोन्ही अक्षांशांतला खरा फरक २.०४ अंश, चुकीचं वाचन केलं की तोच २.४२६४ होतो आणि अंतर ३९ किमीने फुगतं. ही चूक सगळ्यात वाईट, कारण उत्तर वेडंवाकडं दिसत नाही. जोडी वेगळी असती तर फरक जेमतेम दोन किमीचा पडला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ओळखायची खूण सोपी: दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे अख्ख्या रकान्यात कुठेच ६० किंवा त्याहून मोठे नसतील, तर तो रकाना दशांशाचा नाही, मिनिटांचा आहे.

३७३: रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशाएवढाच धरलाय. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११.२ किमी. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. या जोडीचा मधला अक्षांश बरोबर २४, कोसाइन ०.९१३५. हिशोब हाताने असा होतो:

उत्तर-दक्षिण: २.०४ × १११.२ = २२६.८ किमी
पूर्व-पश्चिम: २.६६ × १११.२ × ०.९१३५ = २७०.२ किमी
दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ = ३५२.८ किमी

इतकं साधं पायथागोरस चारपाचशे किमीपर्यंत, ध्रुवांपासून दूर, बिनदिक्कत चालतं. एक्सेलमध्ये मात्र गोलावरचं अंतर देणारं हॅवरसाइन सूत्रच बसवा, म्हणजे लांबच्या जोड्यांनाही तेच लागू पडेल:

क = साइन²(अक्षांशफरक ÷ २) + कोस(अक्षांश १) × कोस(अक्षांश २) × साइन²(रेखांशफरक ÷ २)
अंतर = २ × ६३७१ × आर्कसाइन(√क) (६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमीमध्ये)

ताळा पाहायला मधले आकडे: पहिला भाग ०.०००३१६९, दोन कोसाइनांचा गुणाकार ०.८३४२५, रेखांशाचा साइनवर्ग ०.०००५३८७. क = ०.०००७६६३, कोन ०.०५५३७ रेडियन, गुणिले ६३७१ = ३५२.८. तुमच्या शीटमध्ये हे टप्पे वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवा. सगळं एकाच ओळीत कोंबलं की चूक कुठे आहे ते सापडत नाही.

एक्सेल कोन रेडियनमध्ये घेतं. प्रत्येक अंशाला रेडियन्सच्या फंक्शनमधून काढायचं विसरलात तर उत्तर हजारोंच्या घरात जाईल, म्हणजे निदान ओरडून तरी सांगेल. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे घ्यायचे.

---

तक्तेवाला

अंशांचं रूपांतर केलं, रेडियन लावले, सूत्र कोठड्यांत तोडलं. उत्तर ३०३ येतंय. सहावा आकडा!

---

नकाशेबाज

अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली आहे. ७१.४५ ला अक्षांश समजलं की बिंदू थेट आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जातात, तिथे रेखांशाचा अंश ३३ किमीचा उरतो आणि बेरीज बरोबर ३०३ येते. नकाशाच्या साइटवर उजवं बटण दाबून घेतलेले आकडे 'अक्षांश, रेखांश' या क्रमाने येतात. जिओजेसन फायलींमध्ये (नकाशाची माहिती साठवण्याचा एक प्रकार) मात्र आधी रेखांश असतो. दोन्हीकडून माहिती उचलून एका शीटमध्ये चिकटवली की हे होतंच. अक्षांशाच्या रकान्यात ९० पेक्षा मोठा आकडा आला तर लाल होईल असा नियम लावता येतो, पण ७१ सारखा आकडा त्यातून निसटतो. म्हणून तुमच्या प्रदेशाच्या हद्दीचाच नियम लावा.

दिशाही काढणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. दोन चलांचं आर्कटॅन फंक्शन एक्सेलमध्ये आधी क्ष आणि मग य मागतं. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये उलट. सूत्र इंटरनेटवरून उचललं असेल तर क्रम तपासा. या जोडीची निघतानाची दिशा उत्तरेपासून ४९.५ अंश यायला हवी, पोहोचतानाची ५०.५. एक अंशाचा फरक ही चूक नव्हे, पृथ्वी गोल असल्याची पावती आहे.

---

सर्व्हेचा माणूस

वरच्या हिशोबात पृथ्वी गोळा धरली आहे. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे (विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किमी, ध्रुवीय ६३५६.७५२). जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावर, १९७५ च्या विन्सेंटी पद्धतीने काढलं तर हेच अंतर सुमारे ३५२.६ किमी येतं. म्हणजे फरक दोन-अडीचशे मीटरचा, धावपट्टीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. वेळेच्या हिशोबात तो दोन सेकंदही नाही. सर्वसाधारणपणे गोळ्याच्या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक धरून चालावं. तक्त्याला पुरेसं आहे.

त्याहून मोठी चूक सुरुवातीच्या बिंदूत होते. 'विमानतळाचं अंतर' म्हणताना कॅल्क्युलेटर कित्येकदा शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश घेतो, आणि लहान शहरांचे विमानतळ गावापासून वीस-तीस किमीवर असणं नवलाचं नाही. दोन्ही टोकांना असं झालं तर चाळीस-पन्नास किमीचा घोळ. योग्य बिंदू म्हणजे एरोड्रोम रेफरन्स पॉइंट, संक्षेपात एआरपी. तो देशाच्या एआयपी या अधिकृत प्रकाशनात प्रत्येक विमानतळाच्या पहिल्याच पानावर अंश-मिनिटं-सेकंदांत दिलेला असतो. विमानतळाच्या सुरुवातीच्या किंवा नियोजित भौमितिक मध्याजवळ तो ठरवतात आणि सहसा हलवत नाहीत. पुढे धावपट्टी एका बाजूने वाढली तरी बिंदू तिथेच राहतो, त्यामुळे तो आज धावपट्टीच्या मधोमध नसला तर गोंधळू नका.

एआरपी सेकंदापर्यंतच देतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे ३१ मीटर. दशांशात चार स्थळांनंतर जे काही असेल ती सजावट.

कोणीतरी विचारणारच म्हणून: विमान पाच किमी उंचीवरून जातं म्हणून अंतर वाढतं का? वाढतं. सगळा प्रवास त्या उंचीवर धरला तरी तीनशे मीटरसुद्धा नाही. आणि नकाशावरची सरळ रेघ विरुद्ध गोलावरचा लघुतम मार्ग हा वाद इतक्या अंतराला पाच-सहा मीटरचा आहे. तो महासागर ओलांडणाऱ्यांसाठी सोडून द्या.

---

डिस्पॅच टेबल

अंतर सुटलं, आता वेळ. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

४२ मिनिटं = १९०.५ नॉटिकल मैल भागिले २७० नॉट. यात विमान 'अ'च्या डोक्यावर पूर्ण वेगात प्रकटतं आणि 'ब'च्या डोक्यावर त्याच वेगात अदृश्य होतं.

५४ मिनिटं = चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत.

७० मिनिटं = वेळापत्रकातला ब्लॉक टाइम. पार्किंगमधून विमान हललं तिथून, दुसऱ्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये थांबलं तिथपर्यंत, अधिक थोडी उशी, म्हणजे राखीव वेळ.

मधली फोड अशी (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल). आधी प्रत्यक्ष उडायचं अंतर: निघण्याचा ठरलेला मार्ग, हवाई मार्गावरचे बिंदू, उतरण्यासाठी घ्यायचा वळसा मिळून १९०.५ चे साधारण २१० होतात. दहा टक्के वाढ लहान मार्गावर नेहमीचीच, कारण दोन टोकांचे वळसे तेवढेच राहतात आणि मधलं अंतर कमी असतं.

पार्किंग ते उड्डाण, टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं) धरून: ८ मिनिटं
१७,००० फुटांपर्यंत चढाई: १५ मिनिटं, ५० मैल (चढताना सरासरी २०० नॉट)
क्रूझ (वरच्या उंचीवरचं सपाट उड्डाण): २२ मिनिटं, ९८ मैल
उतरण: १२ मिनिटं, ५० मैल
शेवटचा टप्पा, वेग कमी करत: ५ मिनिटं, १२ मैल
टेकल्यावर पार्किंगपर्यंत: ४ मिनिटं

हवेतले ५४, एकूण ६६. वर चारेक मिनिटांची उशी, झाले ७०.

उतरणीचे ५० मैल कुठून आले? हजार फुटांना तीन मैल हा तोंडी नियम आहे, तीन अंशांच्या उताराशी तो जुळतो. १७,००० वरून धावपट्टीच्या २,००० फूट वर यायचं म्हणजे १५ × ३ = ४५, अधिक वेग उतरवायला पाच. बघा, २१० मैलांच्या प्रवासात पूर्ण क्रूझ वेग निम्म्याहून कमी अंतरात मिळतो. सरळ भागाकार फसतो तो इथे.

वेगाबद्दलही एक खुलासा. कॉकपिटमधल्या काट्यावरचा वेग आणि हवेतला खरा वेग एक नसतो. हवा विरळ झाली की काटा कमी दाखवतो. ढोबळ नियम हजार फुटांना दोन टक्के. १७,००० फुटांवर काटा २०२ दाखवत असेल तर खरा वेग २७० च्या आसपास. व्हिडिओत दिसलेला काट्यावरचा आकडा सूत्रात घालू नका. ट्रॅकरवर दिसतो तो तिसराच, जमिनीवरचा वेग, ज्यात वारा मिसळलेला असतो.

दोनशे जोड्यांसाठी सूत्र:

ब्लॉक मिनिटं = (नॉटिकल मैल ÷ २७०) × ६० + २५

ही २५ ची भर एटीआरसारख्या टर्बोप्रॉपसाठी. ८० ते ४०० मैलांत चांगली बसते. ८० च्या खाली विमान क्रूझ उंचीला पोहोचतच नाही, तिथे सूत्र विसरा आणि वेळापत्रक पाहा.

---

घाईत

मग याच मार्गावर जेट लावलं तर? ४५० नॉट म्हणजे २५ मिनिटांत पोहोचायला हवं.

---

डिस्पॅच टेबल

नाही पोहोचत. १९० मैलांत जेटला त्याच्या ३५-३६ हजार फुटांवर जायला फुरसतच नाही. २४ हजारांच्या आसपास जाऊन लगेच खाली यावं लागतं. उतरायलाच सत्तरेक मैल. दहा हजार फुटांखाली काट्यावर २५० नॉटची मर्यादा जवळपास सगळीकडे आहे. हवेत ३९ मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे एटीआरपेक्षा १५ वाचली. त्यातली पाच-सहा जमिनीवर परत जातात: जेटला ट्रॅक्टरने मागे ढकलायचं, मग इंजिनं सुरू करायची, मग ट्रॅक्टरची दांडी सोडवायची. लहान एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) एटीआर बऱ्याचदा स्वतःच्या ताकदीने वळून निघतं. त्याला शेपटीत वेगळं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन, नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडकवून ठेवतात आणि तेच इंजिन वीज-हवा पुरवत असतं, त्यामुळे निघताना ते आधीच चालू असतं. हिशोबात निव्वळ बचत नऊ-दहा मिनिटं. जेटसाठी सूत्रात वेग ४५० आणि भर ३० ते ३५ ठेवा. ६०० मैलांच्या मार्गावर मात्र जेट पाऊण तासाहून जास्त वाचवतं, तिथे तुलनाच नको.

---

उत्तर वारा

वाऱ्याचं कोणी बोललं नाही. जाताना-येताना वेळ वेगळा येतो तो वाऱ्याने.

---

डिस्पॅच टेबल

लांब मार्गावर हो. इथे करून बघा: क्रूझचे ९८ मैल, समोरून ४० नॉट वारा. २७० ऐवजी २३० नॉट, २१.८ ऐवजी २५.६ मिनिटं. पावणेचार मिनिटं गेली. परतताना तोच वारा पाठीशी, ३१० नॉट, १९ मिनिटं, पावणेतीन मिनिटं वाचली. जाऊन-येऊन एक मिनिट तोटाच. जाताना गेलेलं येताना पूर्ण परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. आडवा वारा तर जवळजवळ निरुपद्रवी: ४० नॉट पूर्ण आडवा असला तरी २७० चे २६७ होतात.

लहान विमानतळांवर जाण्या-येण्यातला फरक खरा पडतो तो धावपट्टीपाशी, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं बॅकट्रॅक. पुष्कळ प्रादेशिक विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो. एप्रनमधून येणारा एकच रस्ता धावपट्टीला मध्यावर किंवा एका टोकाशी मिळतो. उड्डाण दुसऱ्या टोकाकडून करायचं असेल तर विमान धावपट्टीवरूनच उलटं चालत जातं, टोकाच्या रुंद पॅडवर १८० अंशांत वळतं आणि मग धावतं. २,५०० मीटर, २० नॉटने चाललं तर चार मिनिटं, वळण्याचं अर्धं मिनिट वेगळं. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, म्हणजे उतरणारा वर थांबलेला.

दुसरं, वाऱ्याप्रमाणे धावपट्टीची बाजू. 'अ'कडून ईशान्येला येणाऱ्या विमानाला सरळ समोरची बाजू मिळाली तर थेट उतरायचं. वारा उलटा असला तर विमानतळाच्या बाजूने पुढे जाऊन, वळून परत यायचं: १५ ते २० मैल जादा, पाच ते सात मिनिटं. म्हणजे वारा वेळ खातो, पण क्रूझमध्ये नाही, इथे.

तिसरं, रडार नसणं. जिथे नियंत्रकाकडे रडार नाही तिथे विमानांमधलं अंतर वेळेने राखतात, एकामागून एक येणाऱ्यांत दहा मिनिटं किंवा जास्त. दोन विमानं एकाच सुमाराला आली तर दुसऱ्याला होल्डिंग, म्हणजे हवेतच ठरलेल्या फेऱ्या मारत थांबणं. १४,००० फुटांखाली होल्डिंगचा एक फेरा चार मिनिटांचा: मिनिटभर वळण, मिनिटभर सरळ, पुन्हा तेच. फेरा अर्धा सोडता येत नाही असं नाही, पण सहसा उशीर चारच्या पटीत वाढतो.

---

ट्रॅकरबघ्या

ट्रॅकरवरून स्वतःचा आकडा काढायचा तर पद्धत: त्याच मार्गाच्या शेवटच्या तीसेक उड्डाणांच्या सुटण्या-टेकण्याच्या वेळा घ्या आणि सरासरी नव्हे, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. एक दिवस धुक्यात चाळीस मिनिटं घिरट्या घातल्या की सरासरी बिघडते, मध्यक हलत नाही. 'किती वेळ धरून चालावं' हे हवं असेल तर ७५ वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ७५ उड्डाणं ज्याच्या आत बसतात तो आकडा. विमान कंपन्याही वेळापत्रकाची उशी साधारण अशाच हिशोबाने ठरवतात, कारण ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर मोजलं जातं.

सावध राहण्याची जागा: लहान विमानतळाजवळ ट्रॅकरचा रिसीव्हर नसेल तर विमान दोन-तीन हजार फुटांखाली गेल्यावर दिसेनासं होतं. मग 'टेकल्याची वेळ' हा ट्रॅकरचा अंदाज असतो. नकाशावरची रेघ धावपट्टीच्या अलीकडेच तुटलेली दिसली तर त्या उड्डाणाचा आकडा वगळा.

---

रस्त्याने जाणारा

४६० किमीच्या आकड्याकडेही जरा संशयाने पाहा. रस्त्याचं अंतर मोजताना एआरपी वापरला असेल तर तो बिंदू धावपट्टीजवळ आहे आणि मार्ग काढणारं सॉफ्टवेअर त्याला सर्वांत जवळच्या रस्त्यावर ढकलतं. तो रस्ता कुंपणापलीकडचा, मागच्या बाजूचा असू शकतो आणि टर्मिनलचं फाटक तिथून आठ-दहा किमी वळशावर. हवाई अंतराला एआरपी, रस्त्याला टर्मिनलच्या दारातला बिंदू, अशा दोन वेगळ्या जोड्या ठेवा.

४६० भागिले ३५३ = १.३. सपाट मुलखात १.२ ते १.३ नेहमीचं, मध्ये डोंगररांग, मोठी नदी किंवा खाडी आली की दीडच्या वर जातं. तुमच्या तक्त्यात हे गुणोत्तर १.१ च्या खाली किंवा २ च्या वर आलं तर आधी अक्षांश-रेखांश तपासा.

वेळेची तुलना करणार असाल तर दारापासून दारापर्यंत करा. उड्डाणाआधी दीड तास, उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा, दोन्हीकडे गाव ते विमानतळ पाऊण-पाऊण तास: साडेतीन तास झाले आणि विमान अजून हललेलं नाही. त्यात ६६ मिनिटं मिळवली की साधारण ४ तास ३५ मिनिटं. रस्त्याने ताशी ६० च्या सरासरीने ७ तास ४०. इथे विमान स्पष्ट जिंकतं. पण हाच हिशोब उलटा चालवला तर ६० च्या सरासरीला बरोबरी हवाई २०० किमीच्या आसपास होते, ८० च्या सरासरीला २७५ च्या आसपास. त्याच्या खालच्या जोड्यांना तक्त्यात वेळेचा रकाना भरा, पण कोणी त्यासाठी तिकीट काढावं असं सुचवू नका.

---

तक्तेवाला

३५२.८ आला. रकाने असे केले: एआरपी दशांशात, किमी, नॉटिकल मैल, सूत्राचा ब्लॉक, वेळापत्रकाचा ब्लॉक, ट्रॅकरचा मध्यक. सूत्राने १९०.५ ला ६७ मिनिटं दिली, ठीक वाटतंय. एका जोडीत मात्र वेळापत्रकाच्या रकान्यात नुसती ##### चिन्हं दिसतायत, रकाना रुंद करूनही जात नाहीत. दुसऱ्या एका जोडीत जाण्याला १० मिनिटं आणि येण्याला २ तास १० मिनिटं.

---

डिस्पॅच टेबल

पहिलं: विमान रात्री ११:३५ ला निघून १२:४० ला पोहोचतंय. वजाबाकी उणे येते आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही. वजाबाकीला मॉड फंक्शनमध्ये घालून भाजक १ द्या, १ तास ५ मिनिटं दिसतील.

दुसरं: त्या जोडीतले दोन विमानतळ वेगळ्या टाइम झोनमध्ये आहेत, फरक एक तासाचा. वेळापत्रकात दोन्ही वेळा स्थानिक असतात. दोन्ही यूटीसीत (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) बदलून मग वजा करा, १ तास १० दोन्हीकडे येईल. बदल आधी, मॉड नंतर. आणि रूपांतर करताना उन्हाळी वेळ पाळणारा देश असेल तर तारीखही लागेल, नुसती वेळ पुरणार नाही.